पाच वर्षांचा व्हिसा आणि काकांचा पासपोर्ट

“मॅडम, मुलगा बोलावतोय. सलग पाच वर्षं राहता येईल असा व्हिसा मिळतोय म्हणे. जावं का?”

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पूर्वी हा प्रश्न यायचा नाही. लग्नं, वाटण्या, दारू, दहावी-बारावीची धास्ती, एवढ्यातच दिवस जायचा. आता दर महिन्याला एखादं तरी साठी-सत्तरीतलं जोडपं हाच प्रश्न घेऊन येतं. एजंटाकडे ते आधीच जाऊन आलेले असतात. त्याने कागदांची यादी दिलेली असते, फी सांगितलेली असते. पण यादी हातात आली की घरात भांडणं का सुरू झाली, हे त्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं.

या प्रश्नाचं मूळ बऱ्याचदा कॅनडाच्या ‘सुपर व्हिसा’त असतं. तिथल्या नागरिकांच्या किंवा पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) मिळालेल्यांच्या आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी ही सोय डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाली. आधी एका वेळी दोन वर्षं राहता यायचं, जुलै २०२२ पासून ते पाच वर्षं झालं. तेव्हापासून मुलांचे फोन बदलले. “या की थोडे दिवस” म्हणणारी मुलं आता “पाच वर्षं राहता येतंय, मग अडचण काय आहे?” असं विचारू लागली.

त्यातलंच एक घर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. काकू घर सांभाळून शिवणक्लास घ्यायच्या, अजूनही चार मुली येतात. शाहूपुरीत स्वतःचं घर, गावाकडे दीड एकर ऊस. मुलगी इचलकरंजीत. मुलगा कॅनडात ब्रॅम्प्टनला, आयटीत. सून सांगलीची, तीही नोकरी करते. नात तीन वर्षांची.

मुलाचं म्हणणं स्पष्ट होतं. सुपर व्हिसा काढायचा, दोघांनी यायचं, घर विकायचं नाहीतर भाड्याने द्यायचं, ऊस चुलतभावाकडे लावायचा. तारखेच्या खोलात तो शिरत नव्हता, “या तर खरं, मग बघू” एवढंच. हे बोलणं वर्षभर चाललं होतं आणि वर्षभर गाडी एकाच जागी अडलेली होती, कारण काकांच्या पासपोर्टची मुदत संपली होती. मुलगी वैतागून दोघांना माझ्याकडे घेऊन आली. “मॅडम, आण्णांना जायचं नाही. सरळ सांगत नाहीत आणि आईची घुसमट होतीय,” असं तिने फोनवरच सांगून टाकलं होतं.

पहिल्या भेटीत काकांना विचारलं, पासपोर्टचं काय झालं?

“राहिलंय हो. आज करू, उद्या करू.”

पोस्टातलं पासपोर्ट केंद्र कोल्हापुरातच आहे. काकांनी आयुष्यभर जनगणना केली, निवडणुकीची कामं केली, शाळेच्या इमारतीसाठी पंचायत समितीचे उंबरे झिजवले. निम्म्या गल्लीचे अर्ज ते भरून देतात. असा माणूस स्वतःच्या पासपोर्टचा अर्ज वर्षभर भरत नाही, तेव्हा ते काम राहिलेलं नसतं, ते ठेवलेलं असतं. एवढं माझ्या लक्षात आलं. का ठेवलंय, ते मात्र लगेच कळलं नाही.

कारणं त्यांच्याकडे भरपूर होती. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. उसाची तोड नेमकी केव्हा येईल सांगता येत नाही. साखर आणि बीपीच्या गोळ्या तिकडे मिळणार कशा? एकेक कारण घेऊन बसलो तर प्रत्येकाला वाट होती. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, फक्त आपल्या बँकेत किंवा कोषागारात आधी विचारून ठेवायचं. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह बरोबर नेता येतात. ऊस तर तसाही चुलतभाऊच बघत होता. पण एक कारण सुटलं की काका दुसरं काढायचे, आणि ते काढताना त्यांची नजर काकूंकडे जायची. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प. मी त्यांना काही विचारलं की उत्तर ठरलेलं, “ह्यांनाच विचारा की. हे म्हणतील तसं.”

अशा वेळी मी जोडप्याला वेगवेगळं भेटते. घरातली मंडळी कधीकधी नाराज होतात (“आमच्यात लपवण्यासारखं काय आहे?”), पण चाळीस वर्षांच्या संसारात एकमेकांच्या वतीने बोलायची इतकी सवय झालेली असते की स्वतःचं मत एकट्यानेच सापडतं.

काकू एकट्या आल्या त्या दिवशी बराच वेळ शिवणक्लासबद्दल बोलल्या. मी मुद्दाम कॅनडाचा विषय काढला नाही. मग त्याच म्हणाल्या, “मी जाऊन आलेय की एकदा. नातीच्या वेळेला.”

बाळंतपणासाठी त्या एकट्याच गेल्या होत्या, साध्या व्हिजिटर व्हिसावर. ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे तिथला अख्खा हिवाळा. काकांना तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे जाता आलं नव्हतं. त्या सहा महिन्यांबद्दल घरी सगळ्यांना एवढंच माहीत होतं की आई मजेत होती, फोटो छान आले होते.

“मजेत होते, खोटं कशाला बोलू? नात मांडीवर होती. सूनही चांगलीय, एक शब्द वावगा बोलली नाही. पण मॅडम, सकाळी साडेसातला मुलगा बाहेर पडायचा. सून महिना-दोन महिन्यांनी खोलीत कॉम्प्युटरवर बसायला लागली. ती घरात आहे, पण तिच्याशी बोलायचं नाही, मीटिंग असती. खिडकीतून बघायचं तर बर्फ. मला गाडी येत नाही, इंग्लिश येत नाही. लिंबू संपलं तरी पोराला मेसेज करायचा. इथं मी भाजीवाल्याशी भांडून दोन लिंबं जास्त घेते.” मग थांबून म्हणाल्या, “माझ्याजवळ एक डॉलर नव्हता. मागितला असता तर दिले असते की शंभर. पण मागायचे कसे? मी स्वतःच्या शिवणाचे पैसे मिळवते.”

हे काकांना माहीत होतं का?

“त्यांनाच तेवढं माहीत आहे. रात्री त्यांना फोन करून रडायची मी. इथं सकाळ असायची, हे दूध आणायला गंगावेशीत गेलेले असायचे. तिथंच कडेला उभं राहून ऐकायचे.”

मग वर्षभराचं कोडं उलगडलं. जायचं नव्हतं ते काकूंना. काकांनी पासपोर्ट अडवून ठेवला होता, म्हणजे ‘नाही’ त्यांच्या नावावर जावं. काकूंनी सांगितलेलं कारण मी तसंच्या तसं लिहून ठेवलंय: “बापानं नाही म्हटलं तर म्हातारा हट्टी आहे म्हणतात आणि सोडून देतात. आईनं मला यायचं नाही म्हटलं की ते पोराच्या मनात कायमचं बसतंय.”

परदेशातल्या मुलांनी हे वाक्य जरा थांबून वाचावं. तुम्ही आईला फोनवर विचारता, “येणार ना?” त्याला आईकडे एकच उत्तर असतं. ते उत्तर तुम्ही संमती समजून चालता. वडील कुरकुर करतात, तेव्हा तुम्ही म्हणता आईला यायचंय पण आण्णा अडवतात. या घरात भाऊ-बहीण दोघंही हेच समजून बसले होते आणि काका ती बदनामी निमूट अंगावर घेत होते. मला त्यांचं कौतुक वाटलं. तरी हे फार काळ चालणारं नव्हतं, कारण या भानगडीत मुलगा वडिलांशी बोलायचंच बंद करत आला होता.

आता मुलाची बाजू. माझ्याकडे येणारी बरीच आईबाबा मंडळी मनात धरून येतात की मुलाला फुकटची आया हवी आहे. काही घरांत तेही असतं, नाही कशाला म्हणू? पण या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलले तेव्हा वेगळंच निघालं. आपल्याकडे संध्याकाळचे सात, त्याच्याकडे सकाळचे साडेनऊ. त्याने फोनचा स्क्रीन दाखवला. पावसाळ्यात तो रोज पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघतो. इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. आईवडिलांना कळायच्या आधी हा ब्रॅम्प्टनहून मेसेज टाकतो, “आज ३७ झालं, गाडी वरच्या बाजूला लावा.”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत पाणी शिरलं, तेव्हा हे दोघं मुलीच्या नणंदेकडे राहायला गेले होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. शिरोलीजवळ महामार्ग बंद, मुलगी इचलकरंजीत अडकलेली आणि दोन दिवस काकांचा फोन लागत नव्हता. “मॅडम, मी तिथं टीव्हीच्या क्लिपा बघत बसलो होतो. आमची गल्ली दिसते का ते शोधत होतो. पुन्हा तसं झालं तर मी काय करणार? विमानाचं तिकीट काढून पोचायला दोन दिवस लागतात, आणि पोचून शिरोलीत थांबायचं?” हे सांगताना त्याचा आवाज बसला. आईवडिलांना त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्याशी बोलताना तो फक्त सुपर व्हिसाचे फायदे सांगायचा.

म्हणजे तिघंही एकमेकांना जपत होते आणि तिघंही खरं कारण सोडून बाकी सगळं बोलत होते. व्हिसा हा त्यांना बोलायला सापडलेला सोपा विषय होता.

अशा जोडप्यांना मी एक काम देते. घरातली कालची-परवाची नाही, पुढच्या वर्षाची दिनदर्शिका घ्यायची, दोन प्रती. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून, एकमेकांना न दाखवता, बारा महिन्यांवर खूण करायची: या महिन्यात मला कुठे असायला आवडेल? कुठे असायला हवं हा प्रश्न नाही. पैसे, व्हिसा, लोक काय म्हणतील, सगळं बाजूला ठेवून.

काकूंच्या दिनदर्शिकेवर जून आणि जुलैवर नातीचं नाव होतं. ऑगस्टवर प्रश्नचिन्ह. गणपती-गौरी, नवरात्र, दिवाळी आणि मार्गशीर्षातले गुरुवार यांच्याभोवती लाल पेनाने गोल, म्हणजे इथून हलायचं नाही. काकांनी मेच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत सरळ रेघ मारली होती. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, “त्र्यंबोलीची यात्रा चुकेल, हरकत नाही.” काकूंनी ती रेघ पाहिली आणि म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला जायचं होतं होय?” काका हसले. नातीला त्यांनी एकदाच प्रत्यक्ष पाहिलं होतं, ती कोल्हापूरला आली तेव्हा, तीन आठवडे.

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर गोष्ट उघडच होती. तिथला उन्हाळा, आपला पावसाळा. पुराची भीती असते ते महिने दोघं मुलाकडे आणि ज्या हिवाळ्याला काकू घाबरतात त्या हिवाळ्यात त्या शाहूपुरीत. साडेतीन-चार महिने.

आणि मग मी तो प्रश्न विचारला जो खरं तर एजंटाने विचारायला हवा होता: चार महिनेच जायचं असेल तर सुपर व्हिसा कशाला?

मी व्हिसाची सल्लागार नाही आणि अर्जाचं काम माझं नव्हे. पण हे प्रकरण इतक्या वेळा समोर येतं की मूळ नियम वाचून ठेवावे लागले. कॅनडाच्या साध्या व्हिजिटर व्हिसावरही एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं, आणि तोही अनेकदा ये-जा करता येईल असा, पासपोर्टच्या मुदतीपर्यंतचा, जास्तीत जास्त दहा वर्षांचा मिळू शकतो. काकूंचा पासपोर्ट मागवून घेतला. बाळंतपणाच्या वेळी काढलेला व्हिसा त्यात होता आणि त्याची मुदत अजून दोन वर्षांहून जास्त शिल्लक होती. वर्षभर सगळं घर ज्या व्हिसावरून भांडत होतं, त्यातल्या एका माणसाला नव्या व्हिसाची गरजच नव्हती. कुणी पान उलटून बघितलं नव्हतं.

सुपर व्हिसाला जास्तीच्या अटी आहेत. मुलाचं उत्पन्न कुटुंबातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे ठरलेल्या किमान रकमेइतकं तरी हवं, आणि त्या संख्येत येणारे आईवडीलही धरतात. मुलाने सही केलेलं निमंत्रणाचं आणि खर्च उचलण्याचं पत्र लागतं. ठरलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी लागते, त्यासाठी आपल्याला पुण्या-मुंबईला जावं लागतं. आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा आरोग्य विमा, ज्यात उपचार, रुग्णालय आणि परत पाठवण्याचा खर्च धरलेला असेल. पूर्वी तो कॅनडातल्या कंपनीचाच लागायचा. जानेवारी २०२५ पासून तिथल्या नियामकाने मान्यता दिलेल्या बाहेरच्या कंपनीचाही चालतो. हे सगळं वर्ष-दोन वर्षं सलग राहणाऱ्यांसाठी योग्यच आहे. चार महिन्यांसाठी मात्र तो अख्ख्या गावजेवणाचा स्वयंपाक झाला.

पुढच्या व्हिडिओ कॉलवर मुलाला हे पटेना. “घेऊन ठेवू की सुपर व्हिसा. मिळाला म्हणजे पाच वर्षं राहिलंच पाहिजे असं थोडंच आहे?” मुद्दा बरोबर होता. ती वरची मर्यादा असते. वर्षातून तीन महिने राहिलात तरी कुणी विचारत नाही. पण काकूंचं उत्तर जास्त बरोबर होतं. त्या पहिल्यांदाच मुलासमोर सरळ बोलल्या: “बाळा, मुदत शिल्लक असली की तू म्हणणार अजून महिनाभर राहा. मला तुला नाही म्हणता येत नाही. म्हणून मुदतच थोडी असू दे.”

मग त्या हिवाळ्याबद्दल बोलल्या. लिंबाबद्दल, डॉलरबद्दल, बंद दाराच्या खोलीबद्दल. सून मुलाशेजारी बसली होती. तिचे डोळे भरले, पण तिने जे सांगितलं ते काकूंनाही नवं होतं. तिलाही सासूच्या सहा महिन्यांत स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं वाटत होतं आणि तीही रोज रात्री सांगलीला फोन करत होती. हे ऐकून काकू एकदम मोकळ्या झाल्या. “मग सांगायचं नाही होय गं!”

त्या कॉलवर बरंच काही ठरलं. काकूंना तिथे गेल्यावर स्वतःचं कार्ड मिळेल, बसचं वेगळं आणि पैशाचं वेगळं. नातीला पाळणाघरातून काढायचं नाही, आजी आली तरी ती जाईल, आणि आजीला वाटेल त्या दिवशी घरी राहील. हा मुद्दा मी आग्रहाने घालते. पाळणाघर बंद केलं की आजीची परतीची तारीख आपोआप पुढे सरकते, कुणाच्याही मनात वाईट नसताना. परतीचं तिकीट जातानाच काढायचं.

घर विकण्याचा विषय काकांनी काढला, इतके दिवस जो नुसता छातीवर दगड होऊन बसला होता. मी मुलाला एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. व्हिसा देणारा अधिकारी हेही पाहतो की हे लोक मुदत संपली की परत जातील का. शाहूपुरीतलं घर, पेन्शन, गावाकडचा सातबारा, इचलकरंजीतली मुलगी हे सगळं त्या अर्जाच्या बाजूने बोलतं. घर विकून व्हिसा मागायला जाणं म्हणजे आपल्याच हाताने आपला पुरावा नाहीसा करणं. शिवाय सुपर व्हिसा हा पाहुण्याचाच व्हिसा आहे. त्यावर कितीही वर्षं राहिलात तरी कायमच्या वास्तव्याचा हक्क त्यातून तयार होत नाही. परत यायचंच आहे, मग कुठे यायचं ते घर राहू द्या. मुलाने तो विषय सोडला. काका त्या दिवशी जाताना माझ्या खोलीतल्या कुंडीतल्या जास्वंदीला खत काय घालता म्हणून विचारून गेले. हा माणूस बागेबद्दल बोलतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

एक गोष्ट कुणीच काढली नव्हती, ती मी काढली. तिकडे काही झालं तर?

आपल्याकडे हे बोलणं अभद्र मानतात. पण साठीपुढच्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात ते असतं आणि पुष्कळदा जायला नकार देण्याचं खरं कारण तेच असतं. काकांनी लगेच सांगितलं, “मला पंचगंगेवर आणायचं.” काकू म्हणाल्या, “मला जिथं असेन तिथं, पण मुलगी आल्याशिवाय नाही.” मुलाने दोन्ही लिहून घेतलं. विम्याच्या पॉलिसीत मृतदेह परत आणण्याचा खर्च कितीपर्यंत धरलाय ते बघायला सांगितलं. व्हिजिटर व्हिसाला विम्याची सक्ती नसली तरी विम्याशिवाय जायचंच नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. तिथली सरकारी आरोग्यसेवा पाहुण्यांना लागू नसते आणि रुग्णालयात एक रात्र काढायची म्हटली तरी बिल डोळे पांढरे करतं. आणखी एक खाच आहे. बहुतेक पॉलिसींत आधीपासूनच्या आजारासाठी अट असते की जाण्यापूर्वी ठरावीक काळ गोळी किंवा डोस बदललेला नसावा. किती काळ ते पॉलिसीगणिक वेगळं. काकांच्या बीपीची गोळी डॉक्टर बदलणारच होते, ती बदलायची तर लगेच बदलून घ्या, जायच्या तोंडावर नको, असं ठरलं. आणि इथली मेडिक्लेम पॉलिसी चालू ठेवायची. हप्ता चुकून बंद पडली तर नव्याने घेताना जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पहिल्यापासून मोजतात, आणि सत्तरीला नवी पॉलिसी मिळेलच असं नाही.

मुलं दुसऱ्या देशांत असलेल्यांनी कॅनडाचे नियम स्वतःला लावून घेऊ नयेत. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून पालकांसाठी तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे, एकूण दहा वर्षांपर्यंत जाता येतं. पण आधी मुलाला प्रायोजक म्हणून मंजुरी घ्यावी लागते आणि फी हजारो डॉलरांत आहे. न्यूझीलंडने असाच पाच वर्षांचा व्हिसा सप्टेंबर २०२५ अखेर सुरू केलाय. अमेरिकेत पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा मिळतो, पण एका खेपेला बहुधा सहा महिनेच. ब्रिटनमध्येही एका वेळी सहा महिने, आणि म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं नेण्याचा रस्ता २०१२ पासून इतका अरुंद केलाय की फार थोड्यांना तो लागू पडतो. जर्मनीत मार्च २०२४ पासून नव्याने परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना पालकांना आणता येतं, तिथे आरोग्य विमा मिळवणं हेच मोठं दिव्य असतं. नियम आणि रकमा बदलत राहतात, अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघून घ्यायचं. क्रम मात्र सगळीकडे तोच ठेवा: आधी दोघांनी महिने ठरवायचे, मग त्या महिन्यांना पुरेल असा व्हिसा शोधायचा. माझ्याकडे येणारी निम्मी घरं उलट्या क्रमाने आलेली असतात.

एकट्या राहिलेल्या आईचं किंवा वडिलांचं गणित वेगळं असतं, तिथे मी चार महिन्यांचा आग्रह धरत नाही. इथे बघायला कुणी नसेल, तब्येत नाजूक असेल, तर सुपर व्हिसासारखी सोय खरोखर आधार आहे. तिथेही एक पथ्य सांगते. जोडीदार गेल्यावर पहिल्या वर्षात घर विकू नका, मुखत्यारपत्र द्यायचंच तर कशापुरतं ते नेमकं लिहून द्या, आणि पेन्शनचं खातं स्वतःच्याच हातात ठेवा.

काकांनी त्या आठवड्यातच पासपोर्टचा अर्ज भरला. साधा व्हिजिटर व्हिसा आला. मेमध्ये दोघं गेले आणि गणपतीच्या आधी परतले. काकूंनी तिथे जवळच्या बागेत पंजाबी बायकांशी ओळख काढली. भाषा दोघींकडे अर्धीमुर्धी, पण स्वेटरच्या टाक्यांवर गप्पा चालल्या. बरं चाललं, म्हणाल्या. यापेक्षा जास्त काही म्हणाल्या नाहीत.

गंमत काकांची झाली. त्यांना ग्रंथालय सापडलं. फुकट, दिवसभर बसायला मिळतं, आणि तिथे येणाऱ्या चार भारतीय म्हाताऱ्यांचा कट्टा जमला. नात रोज संध्याकाळी आजोबांना इंग्रजी शिकवायची, ते तिला पाढे शिकवायचे. परत आल्यावर आठवड्यात ते एकटेच माझ्याकडे आले. “मॅडम, हिवाळा बघायचाय. तिला नको म्हणते ती. मी एकटाच जाऊ का, पुढच्या खेपेला आठ-नऊ महिने?”

काकूंना विचारलं. “जाऊ देत की. क्लासच्या मुली आहेत, इचलकरंजीला लेक आहे. मला काय होतंय?” मग जरा विचार करून, “पूर आला तर मात्र मी लेकीकडे. तेवढं पोराला आधीच सांगून ठेवा.”

आता काकांपुरता अर्ज सुपर व्हिसाचाच चाललाय. विम्याची दरपत्रकं आलीत, मेडिकलला पुण्याला जाऊन आले. मुलाला आई एकटी इथे राहणार हे अजून पचलेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा कॉल आहे, या वेळी काकूंनी स्वतः लावून घेतलाय.